पुढचा आकडा: ओपाल्काची चित्रं आणि माझ्या भाच्याचे फोटो

आज बोलायचंय रोमान ओपाल्का या पोलिश चित्रकाराबद्दल, पण सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून त्याचा एकच उद्योग चालू आहे. एक, दोन, तीन, चार अशा क्रमाने, ज्या वस्तूंवर ते आकडे आहेत त्यांचे फोटो शोधायचे. फोटो कुणीही काढलेला चालतो, पण आकडा वस्तूवर मुळातच असला पाहिजे, आणि आधीचा मिळाल्याशिवाय पुढचा वहीत लावायचा नाही. सुरुवातीला एसटीचे फलाट, दाराच्या पाट्या, विजेचे खांब, सगळं चालायचं. सातशेनंतर त्याने नियम कडक केला: फक्त रेल्वे.

तुम्ही हसताय. मीही हसलो होतो. मग माझ्या लक्षात आलं, की याला आपण काय शोधतोय हे खरं तर माहीत नाही.

फ्रेगेने १८८४ साली ‘अंकगणिताचा पाया’ या पुस्तकात एक साधी गोष्ट दाखवली. संख्या हा वस्तूचा रंगासारखा गुण नसतो, ती संकल्पनेबद्दल सांगितलेली असते. पत्त्यांचा गठ्ठा हातात दिला आणि ‘किती?’ विचारलं, तर काय किती, हे आधी ठरवावं लागतं. इंजिनावरचा आकडा तर त्या अर्थाने संख्याही नाही. ते बारशात ठेवलेलं नाव आहे. दोन इंजिनांच्या नंबरांची बेरीज कोणी करत नाही.

आता माथेरानची गाडी घ्या. १९०७ साली सुरू झालेली. तिची जर्मनीत, ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीत बनलेली वाफेची इंजिनं: ७३८, ७३९, ७४०, ७४१. लागोपाठ! भाच्याला लॉटरीच लागली. पण हे लागोपाठपण आहे कुठे? लोखंडात नाही. कुठल्या तरी कचेरीतल्या नोंदवहीत आहे. यातलं ७४० आज इंग्लंडमध्ये, लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. शेजारच्या नंबरांची इंजिनं समुद्राच्या दोन बाजूंना, आणि त्यांना पुन्हा एका पानावर आणतो कोण, तर कोथरूडमधला एक निवृत्त कारकून.

डेक्कन क्वीनचं आणखी गमतीचं आहे. सकाळी पुण्याहून निघते ती १२१२४, संध्याकाळी मुंबईहून परत येते ती १२१२३. पुणेकराच्या दिवसात चोवीस आधी येतो आणि तेवीस नंतर! डबे तेच, नंबर दोन. म्हणजे इंजिनाचा नंबर हे वस्तूचं नाव, आणि गाडीचा नंबर हे प्रवासाचं नाव. फोटोत मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

तर ओपाल्का. १९६५ साली वॉर्सामध्ये त्याने कॅनव्हासच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात १ लिहिला आणि पुढे आयुष्यभर तेच केलं. प्रत्येक कॅनव्हास १९६ बाय १३५ सेंटिमीटर. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत एक टक्का पांढरा जास्त, म्हणजे शेवटी पांढऱ्यावर पांढरं व्हावं. आकडा लिहिताना तो पोलिशमध्ये उच्चारून रेकॉर्ड करायचा, आणि दिवसाचं काम संपलं की स्वतःचा फोटो. २०११ साली तो गेला तेव्हा ५६०७२४९ पर्यंत पोचला होता.

या कामाभोवती मृत्यू, अनंत, काळ अशा मोठ्या शब्दांची फार गर्दी झालीय. माझी तक्रार वेगळी आहे. ओपाल्काचा पुढचा आकडा कधी अडतच नाही. एक मिळवला की झालं, तो हातातच आहे. जगाकडे काही मागावं लागत नाही. भाच्याचा प्रत्येक आकडा मात्र जगाने द्यावा लागतो, आणि जग नाही म्हणू शकतं.

ही तक्रार मी बरीच वर्षं वर्गात करत आलो. आता ती अर्धी मागे घेतो. कॅनव्हासची जवळून काढलेली छायाचित्रं पाहा. ब्रश रंगात बुडवला की आकडे ठळक, मग रंग संपत जातो तसे फिके, मग पुन्हा ठळक. अडवणूक तिथे आहे, हातात आणि रंगात. उरलेली अर्धी तक्रार मी ठेवतो. त्याला खोटं बोलायची संधीच नव्हती. त्याने लिहिलं की तो आकडा झालाच.

भाच्याला ती संधी आली. चार माथेरानवाले तयार, पण ७३७ मिळेना. मला म्हणाला, ‘मामा, बोईंगचा चालेल का?’ मी म्हटलं, अरे, ते जातीचं नाव, त्या विमानाचं नव्हे, आणि ते रेल्वेवर कुठे धावतंय? मग एक जुना फोटो सापडला. यार्डात उभं इंजिन, सात, तीन, आणि शेवटचा आकडा सात की एक, कळत नाही. मुलीने संगणकावर फोटो ‘स्वच्छ’ केला. सुरेख सात आला! पण त्या यंत्राने सात पाहिला नव्हता, बहुधा काय असावं ते भरलं होतं. एक अपेक्षित असता तर एकही भरला असता. माझ्या मते हे आकडा रंगवण्यापेक्षा वाईट, कारण रंगवणाऱ्याला निदान आपण रंगवतोय हे ठाऊक असतं.

त्याने मला दोन्ही फोटो पाठवले आणि विचारलं, कुठला लावू? मी म्हटलं, दोन्ही नको. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. गेल्या रविवारी घरी गेलो तेव्हा वही उघडी होती. ७३६ नंतरचं पान कोरं, आणि माथेरानची चार इंजिनं एका पाकिटात, वहीच्या मागे खोचलेली.