शोधगंगेत केडगाव शोधताना

शोधगंगा हा इन्फ्लिबनेटचा प्रबंधसंग्रह प्रचंड आहे, पण तिथला शोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. नुसतं ‘केडगाव’ टाकलं तर नगरजवळचं केडगाव आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं, दौंड तालुक्यातलं केडगाव वेगळं होत नाही. जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला; जुने प्रबंध मात्र ‘अहमदनगर’ नावानेच सापडणार. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये तर त्याचं इंग्रजी स्पेलिंगही आजच्यापेक्षा वेगळं आहे. नावांची ही रूपं एकमेकांना जोडायचं काम संग्रहाने करायला हवं. सध्या ते आपल्यालाच करावं लागतं. म्हणून सगळी रूपं ‘ऑर’ने जोडा, जिल्हा किंवा तालुका ‘अँड’ने. मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळं शोधा. त्याआधी ‘या विषयावर काम झालेलं नाही’ हे वाक्य प्रबंधात लिहू नका. परीक्षकाला एक स्पेलिंग बदलून ते खोडता येतं.