जर्मनांचे नवे संगीत आणि हणजुणेचा किनारा

चोर्ल्याचा घाट उतरून कुलदेवतेच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या बेळगाव-निपाणीकडील कुटुंबांस हणजुणे हे नाव नवे नाही. मंगेशीचा वा कवळ्याचा अभिषेक आटोपला की घरातील तरुण मंडळी समुद्राची वाट धरतात, आणि वडीलधारी माणसे तेथील संगीताची 'नुसता धडधडाट' एवढ्याच शब्दांत बोळवण करतात. परंतु संगीताची परीक्षा करावयाची तर त्याचे कूळही पाहिले पाहिजे. ह्या धडधडाटाचे कूळ शोधीत गेल्यास त्याची एक मोठी शाखा १९६८ नंतरच्या सातआठ वर्षांतील पश्चिम जर्मनीत सापडते.

युद्धानंतर वाढलेल्या तेथील पिढीची अडचण विलक्षण होती. वाडवडिलांची लोकगीते नाझी राजवटीने आपल्या मेळाव्यांतून गाववून विटाळून ठेवलेली, आणि उरलेली जागा इंग्रजी-अमेरिकन गाण्यांनी व्यापलेली. आमच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व नव्या वाटेने निघाले तेव्हा माळव्याच्या लोकधुनांनी त्यांस हात दिला; ह्या तरुणांस मागे वळून पाहण्याचीही सोय नव्हती. कोलोन येथे १९६८ साली स्थापन झालेल्या 'कान' ह्या वृंदातील होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे दोघे स्टॉकहाउझेन ह्या थोर आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी. अशा शिकलेल्या माणसांनी गिटार आणि ढोल जवळ केले, ते करमणुकीसाठी खास नव्हे. इंग्रज वृत्तपत्रांनी ह्या साऱ्या प्रकारास 'क्राउटरॉक' असे कुचेष्टेचे नाव दिले. कोबीवरून जर्मनांस हिणविण्याची ती जुनी खोड. 'फाउस्ट' ह्या वृंदाने १९७३ साली तेच नाव आपल्या एका रचनेस देऊन टाकले. ही परतफेड आम्हांस फार आवडली.

ड्युसेलडॉर्फच्या 'नॉय' ह्या जोडीची १९७२ सालची 'हालोगालो' ही रचना ऐकावी. क्लाउस डिंगर सुमारे दहा मिनिटे चार मात्रांचा एकच ठेका धरतो आणि मिखाएल रोटरची गिटार त्यावरून तरंगत जाते. भजनी ठेक्यात वाढलेल्या आमच्या कानास आवर्तनाचे नवल नाही. एकच चरण घोळवण्यात काय गोडी असते, हे एकादशीच्या रात्री देवळात बसलेल्यास सांगावे लागत नाही. नवल आहे ते पुढेच. आमचे भजन दुगुनीत शिरते, टाळ उसळतात, आणि गजराशी येऊन ते निवते. डिंगरचा ठेका कोठेच चढत नाही, कोठेच निवत नाही. त्याला जणू देऊळच नाही, केवळ वाट आहे. त्याच गावच्या 'क्राफ्टवेर्क' वृंदाने १९७४ साली 'ऑटोबान' ह्या रचनेत मोटाररस्त्याचाच प्रवास तबकडीच्या एका संपूर्ण बाजूवर, बावीस मिनिटांहून अधिक काळ, रेखाटला. निपाणीवरून धावणाऱ्या महामार्गावर रात्रीच्या बसमध्ये जागे राहिलेल्यास तो चटकन उमगेल.

बर्लिनच्या 'टँजरीन ड्रीम'ने आपल्या 'फेड्रा' (१९७४) मध्ये मूग सिंथेसायझरकडून ठराविक स्वरांची माळ पुनःपुन्हा ओढवून घेतली. यंत्र तापले तसे स्वर ढळत गेले, आणि ते ढळणे त्यांनी तबकडीवर तसेच राहू दिले. मिरजेचा तंबोरा जुळवता जुळवता हैराण झालेल्यांस ह्याचे हसू येईल. पण यंत्राचाही स्वर जिवंत असतो हे त्यातून कळते.

ह्या सर्वांत आम्ही म्यूनिकच्या 'पोपोल वू'ला अग्रमान देतो. फ्लोरियान फ्रिके हा मूगच्या पहिल्या जर्मन वादकांपैकी एक, परंतु त्याने ते यंत्र बाजूस सारले आणि १९७२ साली पियानो, ओबो व तंबोरा घेऊन 'होझियाना मंत्र' ही तबकडी केली. तीत ढोल नाही. कोरियन संगीतकार इसांग युन ह्यांची कन्या जाँग युन हिचा आवाज हळुवार येतो आणि जातो. ख्रिस्ती स्तोत्राचा शब्द आणि आपला 'मंत्र' एकत्र बांधलेले पाहून आम्ही साशंकच होतो. परंतु येथे तंबोरा शोभेस ठेवलेला नाही, त्याच्या नादावर इतर वाद्ये खरोखर विसावतात.

पुढे ह्या संगीताचे ऋण अनेकांनी घेतले. डेव्हिड बोवी १९७६ साली बर्लिनला जाऊन राहिला. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाने १९८२ साली क्राफ्टवेर्कच्या धुनेवर आपले 'प्लॅनेट रॉक' उभारले. आमच्या मुलखात त्याची एक धार पुण्यास आली: गेऑर्ग डॉयटर हा जर्मन वादक रजनीशांच्या आश्रमात राहिला आणि त्याने 'कुंडलिनी', 'नादब्रह्म' ह्या ध्यानप्रकारांसाठी संगीत रचले. ते सुखद आहे. त्याहून अधिक आम्हांस सांगता येत नाही. दुसरी धार हणजुणेस. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील परदेशी मंडळींनी रॉकच्या जागी क्राफ्टवेर्क आणि त्यांच्या वारसदारांच्या ध्वनिफिती लावण्यास आरंभ केला. कोणी गाणारा आवाज कापून काढी व केवळ चाल जोडून लांबवी. त्यातूनच १९९० नंतर 'गोवा ट्रान्स' ह्या नावाने जगभर गेलेला प्रकार सिद्ध झाला. त्याची लय मिनिटास एकशेचाळीस ठोक्यांच्या आसपास.

आमची तक्रार आवाजाची नव्हे. ह्या वारसदारांनी चाक घेतले आणि त्यावरचा प्रवासी उतरवून दिला. वर ओंकार, शिवाची चित्रे, कोठूनसा उचललेला मंत्रोच्चार अशी सजावट. ती पाहून कोणी धर्म बुडाल्याची हाकाटी करील. आम्हांस तो आळस वाटतो. फ्रिकेने तंबोऱ्याशी जे नाते जोडले, त्याचा येथे मागमूस नाही.

हेच चाक जर्मनीत कोठवर गेले होते, हे मान्युएल ग्योट्शिंग ह्याच्या 'ई टू - ई फोर'वरून कळेल. बुद्धिबळातील पहिल्या खेळीचे नाव असलेली ही सुमारे तासाभराची रचना त्याने १९८१ च्या डिसेंबरात एकाच बैठकीत, एकट्याने मुद्रित केली. ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. दोन स्वरसंघांची येजा अखेरपर्यंत चालू राहते आणि खालचे बारीक ठोके हळूहळू बदलत जातात. ख्याल ऐकणाऱ्याने तिला एक संध्याकाळ द्यावी. गिटार मात्र सुमारे अर्ध्या तासाने येते. तोवर उठू नये.