कानाची साक्ष आणि डोळ्यांची भूल

बेळगाव-निपाणी प्रांताला नादाची जाण उसनी आणावी लागत नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. भजन-कीर्तनाची परंपरा तर येथे घरोघरची. तरीही देवळाच्या सभामंडपासाठी ध्वनिवर्धक घ्यावयाचा झाला, की स्वतःच्या कानांपेक्षा हाय-फाय यंत्रांच्या छापील परीक्षणांवर भिस्त ठेवण्याचा मोह होतो. पैसा भाविकांचा, म्हणून या परीक्षणांचेच परीक्षण होणे अगत्याचे आहे.

या लेखनात ‘उबदार स्वर’, ‘मखमली खर्ज’ अशा विशेषणांची लयलूट असते. ती कशाच्या आधारे दिली, हे मात्र बहुधा गुलदस्तातच राहते. १९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी चाळीस श्रोत्यांना ध्वनिक्षेपकांच्या त्याच पेट्या पडद्याआडून आणि उघड्यावर, अशा दोन्ही रीतींनी ऐकविल्या. पेट्या दिसू लागताच मोठ्या व देखण्या पेट्यांचे गुण वाढले, लहान व स्वस्त पेटीचे घटले. श्रोते अप्रामाणिक नव्हते. डोळ्यांनी कानांस फितविले होते.

नामवंतांचीही गत निराळी नाही. अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’च्या तबकड्या मूळ फितीवरून थेट उतरविलेल्या आहेत, या समजुतीने अनेक जाणकारांनी त्यांच्या शुद्ध नादाची तोंडभर स्तुती केली. त्यांतील कित्येकींच्या निर्मितीत मध्ये डिजिटल प्रत वापरलेली होती, हे २०२२ साली उघड झाले. स्तुती नादाची होती की समजुतीची?

तेव्हा परीक्षण वाचताना तीन प्रश्न विचारावेत. यंत्रे पडद्याआड होती काय? दोहोंचा आवाज मोजून सारखा केला होता काय? कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक सरस वाटतो. आणि ओळख किती वेळा बरोबर ठरली? सोळांपैकी बारा वेळा अचूक ओळखणे नुसत्या अटकळीने शंभरांत चार वेळाही साधत नाही. अशी साक्ष मानावी.

शिवाय परीक्षकाची गालिचा घातलेली खोली म्हणजे आपला दगडी मंडप नव्हे. दगडी भिंतींवरून परतणारा नाद शब्द पुसट करतो, आणि भारी किमतीचा ध्वनिवर्धक तो दोष दूर करीत नाही. म्हणून यंत्र प्रथम मंडपात आणवावे, पडदा लावावा आणि कीर्तनातील शब्द शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचतो की नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत.