'घरोट' म्हणजे काय?

कागदी पुस्तक की ई-पुस्तक, या वादात मी बरीच वर्षं फोनच्या बाजूने होतो. पुण्यात सारखी खोली बदलणाऱ्याला पुस्तकांची खोकी परवडत नाहीत. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. पानांच्या वासावर भावुक होणाऱ्यांना तेव्हापासून हसत आलोय.

मग बहिणाबाई चौधरींच्या कविता फोनवर वाचायला घेतल्या. 'घरोट' या शब्दावर अडलो. बोट दाबून धरलं, पण फोनमधल्या शब्दकोशाने हात वर केले. दिवाळीला भडगावला गेलो आणि घरातली जुनी प्रत काढली. त्या शब्दाशेजारी आजीने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'जातं. आईकडचं लई जड होतं.' पहिला शब्द एखाद्या कोशात मिळालाही असता. पुढचं वाक्य मात्र याच एका प्रतीत आहे.

म्हणजे कागद जिंकला? तसंही नाही. मोतीबिंदूमुळे आजीला आता त्या प्रतीतली अक्षरं दिसत नाहीत. मी फोनवर अक्षरं मोठी करून दिली, तर तिने चष्मा सारखा करत सलग तीन कविता मोठ्याने वाचल्या.

गंमत म्हणजे या कविता मुळात ना कागदाच्या, ना पडद्याच्या. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व पितांबर चौधरी उतरवून घ्यायचे. त्या १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव म्हणून त्यांचंच नाव आहे. कविता टिकल्या, त्या कोणीतरी जपल्या म्हणून. कागद हे त्या जपण्याचं तेव्हाचं साधन होतं.

म्हणून मला आता वासापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मी यात लिहिलेलं माझ्यानंतर कोणाला सापडेल का? २००९ साली अमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४'ची एक आवृत्ती हक्कांच्या घोळामुळे वाचकांच्या किंडलवरून परत काढून घेतली. पैसे परत दिले, पण अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाची टिपणं निरुपयोगी झाली आणि तो कोर्टात गेला. पुस्तक नवं मिळतं. समासातलं मिळत नाही.

त्यामुळे माझा हिशेब साधा झालाय. एकदा वाचून सोडायची कादंबरी, जाडजूड तांत्रिक पुस्तक, आजीसाठी मोठी अक्षरं : फोन. ज्या पुस्तकात घरातल्या कोणाला काही लिहावंसं वाटेल, ते कागदावर.

बहिणाबाईंची नवी प्रत घेतलीय. आजी सांगते, मी पेन्सिलीने लिहितो. 'घरोट'पाशी तिचं जुनं वाक्य तसंच उतरवलं. ती म्हणाली, "थांब, अजून लिही. पहाटे दोघी मिळून ओढायचो."