वॉल्डनकाठचे धुण्याचे बिल

जमिनीवर जगू पाहणाऱ्यांची पुस्तके मी गेली काही वर्षे एका ठरावीक पद्धतीने वाचतो आहे. निसर्गवर्णनाची पाने सावकाश, हिशेबाची पाने मात्र हातात पेन्सिल घेऊन. वर्णनात काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे लेखकाच्या हाती असते; हिशेबात त्याला बेरीज जुळवावी लागते. आपल्या शेतावर स्वावलंबी जगावे, पण दिवा, कपडालत्ता, वर्तमानपत्र, औषध यांना मुकू नये, ही इच्छा जुनी आहे आणि रास्तही. ती कितपत पुरी झाली, याचे उत्तर या पुस्तकांच्या जमाखर्चातच सापडते.

सुरुवात थोरोपासून करणे भाग आहे. त्याचे ‘वॉल्डन’ १८५४ साली निघाले आणि दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने ते मराठीत आणले. आपल्याकडे या पुस्तकाकडे एकांताचे आणि चिंतनाचे पुस्तक म्हणून पाहिले जाते. पण त्याचे पहिले आणि सर्वांत लांब प्रकरण आहे ते अर्थव्यवहारावर. ४ जुलै १८४५ रोजी थोरो तळ्याकाठी राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तिथून निघाला. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशा त्या घराला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला. त्यात एका सेंटचा खडूही त्याने मांडला आहे. अडीच एकर पेरली, त्यात मुख्यतः घेवडा. नांगरटीसाठी बैल आणि माणूस भाड्याने आणावा लागला, त्याचीही नोंद आहे. शेतमालाचे २३ डॉलर ४४ सेंट आले, खर्च वजा जाता ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट उरले.

आता एकूण ताळा पाहा. घर, वर्षाची शेती आणि आठ महिन्यांचे अन्न, कपडे व दिवाबत्ती मिळून खर्च जवळजवळ ६२ डॉलर. शेतमाल आणि मजुरी मिळून जमा ३६ डॉलर ७८ सेंट. म्हणजे पंचवीस डॉलरहून अधिक तूट. ती येताना जवळ असलेल्या पैशांतून भागली. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची. या सगळ्या खर्चातून एक बाब मात्र थोरोने उघडपणे वगळली आहे. कपडे धुणे आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच होई आणि त्याची बिले अजून आली नाहीत, असे तो सांगतो. कॉनकॉर्ड गाव तिथून दीडेक मैलावर आणि आईवडिलांचे घर गावातच. आईकडून कपडे धुऊन घेणारा स्वावलंबी ऋषी, अशी त्याची थट्टा पुढे पुष्कळ झाली.

ही थट्टा मला उथळ वाटते. धुणे बाहेर होत असे, हे खुद्द थोरोनेच हिशेबाच्या पानावर नोंदवून ठेवले आहे. त्याला ठगच व्हायचे असते तर ते वाक्य त्याने लिहिलेच नसते. न आलेल्या बिलाची नोंद ठेवणारा लेखक वाचकाला तपासणीसाठी दार उघडे ठेवतो.

त्याचा खरा आंधळा कोपरा अन्नाच्या यादीत आहे. आठ महिन्यांच्या यादीत सर्वांत मोठी रक्कम तांदळाची, १ डॉलर साडेत्र्याहत्तर सेंट. तिच्या खालोखाल काकवी. भारतीय तत्त्वज्ञानावर आपले प्रेम, म्हणून भात हे आपल्याला शोभणारे अन्न, अशी कोटीही तो करतो. आपल्याला ती गोड वाटते. पण अमेरिकेत त्या काळी पिकणारा तांदूळ मुख्यतः साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियात गुलामांच्या श्रमावर पिकत होता. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून थोरोने जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली होती. चहा, कॉफी, मांस यांच्या सवयींमागे गुलामगिरी आणि युद्धाचा खर्च उभा असतो, असे ‘बेकर फार्म’ या प्रकरणात तो सुचवतोही. तांदळाच्या ओळीशी मात्र तो किंमत अर्ध्या सेंटापर्यंत लिहितो आणि थांबतो. पिकवणारे हात तिथे नाहीत.

घराच्या फळ्या कुठून आल्या तेही वाचण्यासारखे आहे. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी थोरोने सव्वाचार डॉलरला घेतली. पैसे रात्री द्यायचे आणि कॉलिन्सने पहाटे पाच वाजता जागा सोडायची, असा सौदा. सकाळी सहाच्या सुमारास ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटले. बिछाना, कॉफी दळायचे यंत्र, आरसा, कोंबड्या असा सगळा संसार सोबत. ते कुठे गेले, हे पुस्तक सांगत नाही.

याच कसोटीवर गांधीजींच्या आत्मकथेतील फिनिक्सची प्रकरणे वाचली की वेगळा अनुभव येतो. १९०४ साली रस्किनचे पुस्तक आगगाडीत वाचून त्यांनी डर्बनजवळ शंभर एकर जमीन हजार पौंडांना घेतली. तिथल्या लोकांनी जमीन कसायची, सर्वांनी सारखेच वेतन घ्यायचे आणि ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिकही छापायचे. गवताने शाकारलेली मातीची घरे बांधायची इच्छा होती. पण ती महाग पडली असती आणि वेळही फार गेला असता, म्हणून पन्हाळी पत्र्याची घरे उभी राहिली. साधेपणा पत्र्यापेक्षा महाग पडतो, हे सत्य गांधीजी लपवत नाहीत. छपाईसाठी तेलावर चालणारे इंजिन आणले होते. पहिल्याच रात्री ते बंद पडले. इंजिन दगा देईल म्हणून हाताने फिरवायचे चाक आधीच तयार ठेवले होते. झोपलेल्या सुतारांना उठवून सगळ्यांनी आळीपाळीने ते फिरवले आणि अंक वेळेवर निघाला. पुढे काही काळ इंजिन मुद्दाम बंद ठेवून हातानेच काम चालवले, असेही ते सांगतात.

मला यातले हाताचे चाक महत्त्वाचे वाटते. सुखसोय घ्यावी, पण ती बंद पडली तर काम अडू नये आणि तेव्हा अंगमेहनत सगळ्यांनी वाटून घ्यावी, असा तो धडा आहे. या साप्ताहिकासाठी आपल्या वकिलीच्या कमाईतून एके काळी महिन्याला ७५ पौंड पाठवावे लागत, हेही गांधीजी आत्मकथेत सांगतात. बाहेरून येणारा पैसा इथे वहीत आहे.

बाहेरच्या पैशावर उभ्या असलेल्या शेतीची आपली स्वतःची कथा कोकणात आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या वाडीत भात, नाचणी, कुळीथ घरचे; मीठ, रॉकेल, कापड, शाळेची फी मनिऑर्डरीची. शेत राखत होत्या बाया आणि म्हातारी माणसे, रोकड येत होती गिरणगावातून. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. शेत तेच राहिले, पाऊसही आपल्या वेळेवर येत राहिला. पण पोस्टमन येईनासा झाला आणि स्वयंपूर्ण म्हणवणारे गाव किती परपूर्ण होते ते उघडे पडले. कोकणच्या साध्या जगण्यावरच्या ललित लेखनात माड-पोफळी भरपूर येतात. मनिऑर्डरीची पावती क्वचितच येते.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर या परंपरेत वेगळे उठून दिसतात, कारण त्यांनी त्यागाची भाषाच नाकारली. त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘विपुलाच सृष्टी’. गणिताच्या या माणसाने हिशेबाचे एककच बदलले: रुपयाऐवजी पानावर पडणारे ऊन. ते नीट झेलले तर दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते, अशी त्यांची मांडणी. प्रयोग परिवारातून शेतकऱ्याला त्यांनी स्वतःच्या मळ्यातला संशोधक मानले, ही गोष्ट फार मोलाची आहे. तरीही पाच माणसांचे कुटुंब हे एकक मला पुरेसे वाटत नाही. त्या पाचांत पाणी कोण घालते, पालापाचोळा कोण गोळा करते आणि अंगणातली ताजी भाजी निवडायला किती वेळ लागतो, याचेही गणित हवे. उन्हाची बेरीज नेमकी असेल, तर श्रमाची वाटणीही तितकीच नेमकी हवी.

हे आज लिहावेसे वाटले, कारण अशा जगण्याची नवी पुस्तके, लेखमाला आणि ध्वनिचित्रफिती भराभर येत आहेत. शहरातले जोडपे, दोन एकर, सौर दिवे, कूपनलिका, सेंद्रिय भाजी, उत्तम इंटरनेट. यात मला काहीच वावगे दिसत नाही. सुखसोय सोडली नाही म्हणून कोणी ढोंगी ठरत नाही. पण १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा सातबारा कोणाच्या नावे आहे, शहरातला पगार चालू आहे का, राखणदार कोण आणि ही जमीन पूर्वी त्याच्याच घरची होती का, हे त्या पुस्तकात यायला हवे. कॉलिन्सचे कुटुंब पहाटे निघून गेले होते. आपल्याकडे ते बहुधा तिथेच, आउटहाउसमध्ये राहते.

पुढचे असे पुस्तक हाती आले की वाचकाने आधी हिशेबाचे पान उघडावे. ते पानच नसेल तर ती जाहिरात समजावी. पान असेल, तर धुणे कोणी धुतले ते शोधावे. लेखकाने ते स्वतःच सांगितले असेल, तर बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.