मांडवातली हातांची खुर्ची

हिंगोलीत रामलीला मैदानावरचा दसरा असो, कळमनुरीतलं लग्न असो की वसमतला हळदीच्या आडतीतली बैठक, पाहुण्यापुढं सरकवली जाते ती एकच खुर्ची. प्लास्टिकची, दोन हातांची, वीस-वीस एकावर एक रचता येणारी. तिच्याकडं कोणी कलावस्तू म्हणून पाहत नाही. पाहायला हवं, कारण युद्धोत्तर युरोपातल्या खुर्चीकलेतलं आपल्यापर्यंत पोचलेलं ते एकच रूप आहे.

त्या कलेचा कळस डेन्मार्कमध्ये झाला. हान्स वेग्नर हा चांभाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो सुताराच्या हाताखाली लागला आणि पुढं त्यानं पाचशेच्या आसपास खुर्च्या घडवल्या. १९४९ च्या त्याच्या गोल खुर्चीत हात आणि पाठ मिळून एकच वळण आहे. हात कुठं संपला आणि पाठ कुठं सुरू झाली, हे बोटाला कळत नाही. त्याच वर्षी फिन यूलनं 'चीफ्टन' केली. तिचे हात एवढे रुंद की त्यांवर पायही टाकता यावेत. सागवान डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो थायलंड-ब्रह्मदेशातून जाई. आपल्या सुतारांचं ओळखीचं लाकूड परक्या हातांत असं नरम झालं.

इटलीत मार्को झानुसोनं १९५१ च्या 'लेडी'त स्प्रिंगांऐवजी फोम घातला. पुढं प्लास्टिक आलं. १९६७ ची व्हर्नर पॅन्टनची खुर्ची एकसंध होती, पण तिला हात नव्हते. १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोनेनं हातांसकट खुर्ची एकाच साच्यातून दोन मिनिटांच्या आत काढली. खुर्ची सर्वांना परवडावी हे आधुनिकांचं स्वप्न तिथं खरं झालं, आणि मला ते मोठं यश वाटतं. मांडवात मजूर आणि सरपंच एकाच खुर्चीत बसतात, हे लाकडाला साधलं नव्हतं.

पण पन्नास वर्षांत ती खुर्ची पुढं सरकली नाही. माणसाला खुर्चीत बसण्याच्या तऱ्हा बदलता आल्या पाहिजेत, हा वेग्नरचा आग्रह साच्यात हरवला. आमच्याकडं म्हातारा माणूस एक पाय वर घेऊन बसतो. या खुर्चीत त्याचा गुडघा हाताला अडतो, आणि भार एका बाजूला गेला की मागचा पाय फाकतो. पाय तडकला की खुर्ची गेलीच. सुताराकडं नेऊन ती सांधता येत नाही. त्यामुळं सुताराची तिच्याशी ओळखच होत नाही.

रंग आणि नक्षी बदलून नवी खुर्ची होत नाही. मांडी घालता येईल एवढी रुंद बैठक, थोडे खाली घेतलेले हात, बदलता येणारा पाय: एवढं तरी आपल्या कारखान्यांनी आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांनी करून दाखवावं. मोजमापं घ्यायला त्यांनी हिंगोलीच्या एखाद्या मांडवात यावं.