सूचनाफलकावरील ‘दत्तक’ कुटुंब
(वैद्यकीय शिक्षणविषयक सूचनांच्या भाषेचा एक विचार)

वैद्यकीय महाविद्यालयांच्या शैक्षणिक सूचना, परिपत्रके आणि वार्तापत्रे यांना वाङ्मय म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. प्रवेशाची मुदत, जागांची संख्या आणि परीक्षेची तारीख यांपुरती ती वाचली जातात व काम सरले की विस्मृतीत जातात. तथापि एखादी विद्याशाखा स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे तिच्या प्रमाणग्रंथांपेक्षा अशा किरकोळ लेखनातच पुष्कळदा अधिक उघडपणे दिसून येते. ग्रंथकार शब्द निवडून वापरतो. कार्यालय ते हाताशी असतील तसे उचलते, आणि हाताशी कोणते शब्द आहेत हाच टीकेचा विषय होय. कौटुंबिक वैद्यक या शाखेच्या बाबतीत तर हा विचार विशेष अगत्याचा आहे. कारण आपल्याकडे ही शाखा अद्याप मुख्यतः सूचनांतच अस्तित्वात आहे. एम.बी.बी.एस. शिकविणाऱ्या महाविद्यालयात जे विभाग असावेच लागतात त्यांच्या यादीत कौटुंबिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग नाही. ‘कुटुंब’ हा शब्द मात्र त्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेत ठळकपणे आढळतो.

या विचाराला उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा सोयीचा आहे. महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच वेळी झाले त्यांत अंबरनाथचे एक आहे. दरवर्षी शंभर विद्यार्थी ही त्याची प्रवेशक्षमता. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. म्हणजे लोहमार्गाच्या कडेने एकमेकांना चिकटलेल्या तीन शहरांत नऊ लाखांवर माणसे त्या वेळीच राहत होती. अशा वस्तीत नवे महाविद्यालय निघाले म्हणजे त्याची वार्ता जागा, खाटा आणि इमारत यांच्या आकड्यांनी सांगितली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. विचार करायचा तो त्या वार्तेत ‘कुटुंब’ कोठून येते आणि कोणत्या रूपाने येते याचा.

ते येते ‘दत्तक’ या रूपाने. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून पदवी अभ्यासक्रमात जो कार्यक्रम अंतर्भूत केला त्याचे नाव मराठीत ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ असे रूढ झाले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबे घ्यावयाची, त्यांना ठराविक भेटी द्यावयाच्या आणि त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. पहिल्या वर्षी २७, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २१ असे एकूण ७८ तास त्यासाठी राखून ठेवलेले आहेत. विच्छेदनगृहात प्रेताशी पहिली ओळख होत असतानाच विद्यार्थ्याने जिवंत माणसाच्या घराचा उंबरठाही ओलांडावा, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. पूर्वीच्या अभ्यासक्रमांत घराचे दर्शन इतक्या लवकर घडत नसे. आक्षेप कल्पनेला नसून तिला दिलेल्या नावाला आहे, आणि नाव हे केवळ नाव राहत नाही म्हणून तो नोंदविणे आवश्यक आहे.

‘दत्तक’ हा शब्द मराठी मनात पोकळ नाही. त्याच्यामागे धर्मशास्त्र आहे, वतनांचे कज्जे आहेत, आणि १८४८ मध्ये सातारचे व १८५४ मध्ये झाशीचे राज्य ज्या कारणाने खालसा झाले ते दत्तक-नामंजुरीचे प्रकरणही आहे. शब्दाचे मूळ ‘दत्त’ म्हणजे दिलेला. देणारा असल्याशिवाय दत्तक होत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही दत्तहोम अनिवार्य मानला नाही, परंतु प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र अनिवार्य ठेवले. आता या कसोटीवर सूचनेतील ‘दत्तक’ पाहावा. येथे घेणारा अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, आणि घेतले जाणारे एक संबंध घर, ज्यात त्याच्या आजीच्या वयाची माणसे आहेत. देणारा कोण? सूचनेत तो कोठेच नाही. दत्तकाने गोत्र बदलते ते दत्तक गेलेल्याचे. येथे मात्र कुटुंब होते तेथेच राहते आणि नव्या घरात पाऊल टाकतो तो विद्यार्थी. त्या घरची भाषा, तेथील रीतभात, तेथील जेवणाच्या वेळा त्यालाच शिकून घ्याव्या लागतात. वस्तुस्थितीला धरून बोलायचे तर कुटुंबच विद्यार्थ्याला पदरात घेते. संकल्पना अशी उलटी मांडली गेल्यामुळे उपकार कोणावर कोण करतो याचा हिशेबही उलटा झाला आहे.

कोणी म्हणेल, हा इंग्रजी शब्दाचा सरधोपट अनुवाद आहे, त्यात इतके शोधू नये. पण गावे, वाघ, उद्याने आणि रस्त्यांमधील दुभाजकसुद्धा आज ‘दत्तक’ घेतले जातात. त्या सर्व प्रयोगांत घेणारा सधन आणि घेतलेली वस्तू मूक असते. कुटुंब त्याच रांगेत जाऊन बसले, हा योगायोग नव्हे.

नामानंतर क्रियापद. सूचनांची मराठी ‘कळविण्यात येते’, ‘वाटप करण्यात येईल’, ‘नोंद घेण्यात यावी’ अशा ठरलेल्या प्रयोगांवर चालते. यांत कर्ता लोपलेला असतो. परीक्षेचे वेळापत्रक ‘जाहीर करण्यात येते’ तेव्हा कर्त्याच्या अभावाने काही बिघडत नाही. परंतु ‘कुटुंबांचे वाटप करण्यात येईल’ असे म्हटले की दोन माणसे एकदम नाहीशी होतात. एक वाटप करणारा अध्यापक आणि दुसरा, जिचे वाटप झाले ती घरची बाई. संमती कोणी मागितली, कोणत्या भाषेत मागितली, नकार देण्याची मुभा होती काय, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत उद्भवतच नाहीत. कौटुंबिक वैद्यकाचा तर सारा भर कोण कोणाशी बोलतो यावर आहे. त्या शाखेची पहिली ओळख विद्यार्थ्याला कर्ता नसलेल्या वाक्यातून व्हावी, ही विसंगती साधी नाही.

या भाषेला इतिहास आहे. १९४६ च्या भोर समितीने अल्पमुदतीचे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून एकच ‘मूलभूत’ डॉक्टर घडविण्याची शिफारस केली आणि त्याने समाजाचा वैद्य व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची जी योजना आली तिने प्रत्येक महाविद्यालयावर तीन विकासगटांच्या आरोग्याची ‘जबाबदारी’ टाकली. ती योजना पुढे फारशी फळास आली नाही. तरी तिच्यातील शब्द जबाबदारीचा होता, आणि ती महाविद्यालयाची होती. पंचेचाळीस वर्षांनंतर ती जबाबदारी विद्यार्थ्याच्या वहीत उतरली व तिचे नाव दत्तक झाले. महाविद्यालय यातून अलगद बाजूला सरले, हे कोणाच्या फारसे लक्षात आलेले दिसत नाही.

बाहेरच्या जगात याच काळात वेगळे घडत होते. एडिंबरा विद्यापीठाने १९६३ मध्ये सामान्य वैद्यकव्यवसायाचे अध्यासन निर्माण केले. रिचर्ड स्कॉट हे त्याचे पहिले प्राध्यापक. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात १९६८ मध्ये इयन मॅक्‌विनी हे कौटुंबिक वैद्यकाचे प्राध्यापक झाले. भारतीय वैद्यक संघाचे सामान्य व्यावसायिकांचे महाविद्यालयही १९६३ चेच. परंतु ते विद्यापीठाबाहेर उभे राहिले आणि बाहेरच राहिले. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम झाला, २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या शाखेच्या तज्ज्ञांची गरज मान्य केली, २०१० नंतर केरळात कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयात एम.डी. सुरू झाले, आणि २०१९ च्या आयोगविषयक अधिनियमात या शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना उत्तेजन देण्याचे कलमही आले. पदवीधर हा समाजाशी ‘प्रथम संपर्काचा’ वैद्य असावा, हे वाक्य तर नियमावलीत अनेक वर्षे आहे. एवढे असूनही हा प्रथम संपर्क शिकविण्याचे काम ज्याचे त्याचे आहे, म्हणजे कोणाचेच नाही. वक्षाचा, अस्थींचा, नेत्राचा विभाग आहे; जो दवाखान्यात पहिल्यांदा दार उघडतो त्याचा विभाग नाही.

मॅक्‌विनी यांच्या विवेचनातील एक मुद्दा येथे विशेष उपयोगी पडतो. कौटुंबिक वैद्य आपल्या रुग्णांच्याच परिसरात राहणारा असावा, असे त्यांनी या शाखेच्या तत्त्वांत गणले आहे. ही अट तिन्ही शहरांना लावून पाहिली म्हणजे ‘कुटुंब’ या शब्दाचे तीन अर्थ हाती येतात आणि सूचनेत बसणारा त्यांतला एकही नाही.

उल्हासनगर हे महायुद्धकालीन लष्करी छावणीत वसविलेले निर्वासितांचे गाव. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. वस्त्यांना आजही कॅम्पच्या क्रमांकांनी ओळखतात. सिंधी समाजात थॅलसेमियाच्या बीजवाहकांचे प्रमाण मोठे आहे, हे वैद्यकात सर्वश्रुत आहे. बीजवाहक स्वतः निरोगी असतो. पती व पत्नी दोघेही बीजवाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आता नेहमीची कुटुंबपत्रिका डोळ्यांपुढे आणावी : कुटुंबप्रमुख, वय, व्यवसाय, उत्पन्न, लसीकरण, शौचालय. ही पत्रिका घराच्या भिंतीपाशी संपते. थॅलसेमियाची वाट मात्र आत्या, मावशी, चुलतभाऊ आणि ठरत असलेले लग्न यांच्यामधून जाते. तेथे विचारायचा प्रश्न कोणत्याही रकान्यात नाही, आणि तो कधी विचारायचा हे घराशी वर्षानुवर्षांचा परिचय असणाऱ्या डॉक्टरालाच उमगते. भाषेची अडचण वेगळीच. सिंधीला १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण जुन्या पिढीचे सिंधी वाचन अरबी लिपीतले आहे. मराठी व इंग्रजी सूचना त्या पिढीपर्यंत नातवाच्या तोंडूनच पोहोचते, आणि नातू त्यातले काय गाळतो हे कोणी पाहत नाही.

अंबरनाथची गोष्ट निराळी. आगपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि रसायनोद्योग यांनी हे गाव वाढविले. येथे ‘कुटुंब’ हा शब्द कायद्याने आला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाखाली आरंभी वैद्यकीय मदत विमाधारक कामगारापुरती होती. ती कुटुंबीयांना देण्यास १९५८ पासून सुरुवात झाली. कामगाराने यादीतील डॉक्टराकडे नाव नोंदवायचे आणि डॉक्टराला नोंदलेल्या माणसांगणिक मानधन मिळायचे, ही ‘पॅनेल’ पद्धती मुंबई भागात याच योजनेने रुजविली. तिच्यातील दोष सर्वांना माहीत आहेत. गर्दी, कागदपत्रे, ‘सर्टिफिकेट’साठीच येणारे लोक यांबद्दलची कुरकुर जुनी आहे. तथापि माणसाने डॉक्टर निवडावा आणि डॉक्टराने नोंदलेल्या माणसांचा भार वाहावा, हे तत्त्व तिच्यात होते. निवडण्याचा हक्क घराकडे होता. आजच्या कार्यक्रमात तो वाटप करणाऱ्याकडे गेला. कौटुंबिक वैद्यकाचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग कामगारवस्त्यांत होऊन गेला असताना शैक्षणिक सूचनांत त्याचा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटते.

बदलापूरची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट झाली. येथील कुटुंब सकाळच्या लोकलने पांगते आणि रात्री परत जमते. कार्यालयीन वेळेत भेट देणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या घरात कुटुंब भेटेल ते घर बहुधा म्हाताऱ्यांचे असेल. शिवाय या कार्यक्रमाची मूळ कल्पना ग्रामीण आहे, गावे निवडावी अशी आहे. तेव्हा या पट्ट्यातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने तीन शहरे ओलांडून बारवीच्या बाजूच्या खेड्यांकडे जावे, असा तिचा रोख होतो. तेथील ठाकूर व कातकरी पाड्यांची गरज मोठी आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु महाविद्यालयाच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतले घर ‘कुटुंब’ या संज्ञेत बसत नाही, असा बोध पहिल्याच वर्षी होणे हितकारक नाही.

मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे पूर्वी बायको. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ हे वाक्य फार जुने नाही. ‘फॅमिली डॉक्टर’ हा शब्द मराठी घरांनी इंग्रजीतूनच उचलला आणि त्याच्या जोडीला ‘आपले डॉक्टर’ हा स्वतःचा शब्द ठेवला. पारिभाषिक कोशांच्या कर्त्यांना तो सुचला नाही. त्यातला संबंध मात्र नेमका आहे : येथे डॉक्टर घराचा आहे, घर डॉक्टराचे नाही.

उरतो काळाचा प्रश्न. १९५६ च्या कायद्याप्रमाणे एकदा झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही; दत्तक घेणाऱ्यालाही नाही आणि गेलेल्यालाही नाही. अभ्यासक्रमातील दत्तकाला मात्र ७८ तासांची मर्यादा आहे, आणि ते तास तिसऱ्या वर्षी संपतात. विद्यार्थी शेवटच्या दीड वर्षात रुग्णालयात प्रत्यक्ष निदान-उपचार शिकतो, पुढे वर्षभर आंतरवासिता करतो. म्हणजे त्या घराला जेव्हा त्याचा काही उपयोग होऊ शकेल नेमक्या त्या वेळी त्याच्या वेळापत्रकातून ते घर गळलेले असते. २०२४ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची घरे २०२७ च्या सुमारास अशी मोकळी होतील. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी तीन धरली तरी तीनशे घरे. त्यांच्या नोंदवह्या कोणत्या विभागाच्या कपाटात राहतील, पुढच्या तुकडीला तीच घरे मिळतील की नवी, आणि ज्या घरात मधल्या काळात मधुमेह किंवा क्षय निघाला तेथे कोण जाईल, याविषयीची सूचना निघायची आहे.